नळी कोणी हलवली

आमच्या कारखान्यात अजूनही सांगतात की बाईंचा हात थरथरला आणि घात झाला. वय झालं होतं, म्हणतात. चष्म्याचा नंबर वाढला होता, म्हणतात. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बावन्न म्हणजे काय वय झालं? आणि त्यांचा हात थरथरताना मी बारा वर्षांत एकदाही पाहिला नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट सांगून टाकावं, मग कोणाला काय वाटायचं ते वाटू दे.

सलाईनच्या बाटल्या भरण्याचा आमचा कारखाना. मी ऑटोक्लेव्हवर, म्हणजे भरलेल्या बाटल्या वाफेत उकडून जंतू मारायचं जे मोठं भांडं असतं, त्यावर. सगळे त्याला कुकर म्हणायचे आणि मला कुकरवाला. बाई तपासणीच्या खोलीत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तोंडात कोणाच्याच नव्हतं. तोंडावर बाई, पाठीमागे शंकाबाई.

ते नाव कोणी उगाच नाही ठेवलं. बाई स्वतःचा डबा उघडायच्या आधी झाकणाचा वास घ्यायच्या. घड्याळात वेळ पाहिली की भिंतीवरच्या घड्याळात पुन्हा पाहायच्या. शिपाई म्हणाला, "बाई, साहेबांनी बोलावलंय," तर म्हणायच्या, "कोणत्या साहेबांनी? कधी? तुझ्याशी कोण बोललं?" तो बिचारा चेष्टेनं म्हणायचा, "बाई, लेखी आणू का?" आणि बाई न हसता म्हणायच्या, "आण." त्यांच्या मुलीला पंधरा वर्षांची होईपर्यंत वाटत होतं की सगळ्यांच्या घरी झोपायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघतात.

माझं आणि त्यांचं पहिल्या महिन्यातच वाजलं. मला माझ्या कुकरचा भारी अभिमान. एकशे एकवीस डिग्री, वर वाफेचा दाब, आत गेलेला जंतू काय त्याचा आजा आला तरी वाचायचा नाही. मी तसं बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "मेल्यावर काय होतं त्यांचं?"

"मेल्यावर काय व्हायचंय? मेले. संपलं."

"मढी कुठे जातात?"

माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. काही जातींच्या जंतूंच्या अंगावरच्या सालीत विष असतं. त्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात. जंतू मेला, फुटला, की ती साल पाण्यात सुटते. वाफेनं तिचं काही बिघडत नाही. काचेची भांडी कोरड्या भट्टीत अडीचशे डिग्रीला अर्धा तास भाजली तर ती जळते, पण पाणी भरलेली बाटली भट्टीत कोण भाजणार? म्हणजे पाण्यात जंतू आधीच वाढले असले आणि मग मी ते मारले, तर बाटली निर्जंतुक खरी, पण विषारी. पोटात गेली तर एवढं काही होत नाही. शिरेत गेली की तास-अर्ध्या तासात माणूस थडथड उडायला लागतो. हुडहुडी, ताप, रक्तदाब खाली. अशक्त माणूस असेल तर जातोसुद्धा.

"म्हणून तुझ्या कुकरवर माझा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्यावरही नाही. मनाला लावून घेऊ नकोस, माझा माझ्यावरही नाही."

लावून न घ्यायला मी काय दगड आहे? पुढे बारा वर्षं मी लावूनच घेतलं.

त्यांच्या आईला कधीतरी एका दवाखान्यात बाटली लावली होती. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. आई थरथरायला लागली, तीन पांघरुणं घातली तरी खाट हलायची थांबेना. बाईंनी विचारलं, काय झालं हिला? डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. आई वाचली, पण बाईंच्या डोक्यात ते "होतं असं कधीकधी" जे बसलं ते बसलं. कसं होतं? कशानं होतं? कोणी केलं? हे मला त्यांनी नाही, त्यांच्या मुलीनं सांगितलं, आणि तेही फार नंतर.

आता त्या तपासणीबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी गोची तिथेच आहे. समुद्रात खेकड्यासारखा दिसणारा एक प्राणी असतो, त्याच्या निळ्या रक्तापासून एक औषध बनतं. बोटाएवढ्या काचेच्या नळीत ते थोडं घ्यायचं, त्यात बाटलीतलं थोडं पाणी घालायचं आणि नळी कोमट पाण्याच्या टाकीत एक तास उभी ठेवायची. पाण्यात ते विष असलं तर नळीतलं सगळं घट्ट गोठतं. तासानं नळी उचलायची आणि एका झटक्यात नाही, एका दमात, सावकाश उलटी करायची. गोठलेलं तळाशी चिकटून राहिलं तर बाटल्या नापास. ओघळलं तर पास.

आणि त्या तासात नळीला हात लावायचा नाही. हात सोडा, टेबलाला धक्का लावायचा नाही. गोठत आलेलं एकदा मोडलं की पुन्हा गोठत नाही. मग विष असूनही ते ओघळतं आणि तुम्ही म्हणता, पास. दारावर बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून लावलं होतं: तास चालू आहे, आत येऊ नये. आम्ही त्यावर काय काय विनोद केले ते सांगत नाही.

त्या दिवशीचा माल भरून दोन आठवडे झाले होते. जंतू वाढतात का याची चौदा दिवसांची तपासणी पास झाली होती. होणारच, कुकर माझा होता. राहिली होती ती बाईंची नळी, कारण त्यांचं ते औषध बाहेरून यायला उशीर झाला होता. गाडी दुपारपासून फाटकात उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, साहेब घड्याळ बघतायत. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, घाई हेच त्यांचं एकमेव काम.

आणि त्याच दुपारी माझ्या हातात बाईंची चिठ्ठी आली. माझ्या कुकरच्या तापमानाच्या कागदावर एक रेघ जरा हललेली होती, त्याखाली लाल पेनानं: "ही रेघ इथे का हलली? खुलासा द्यावा." अहो, पेन बदललं होतं यंत्रातलं! माझं डोकं फिरलं. बारा वर्षं मी काय चोऱ्या करतोय? मी तो कागद घेतला आणि तरातरा त्यांच्या खोलीकडे निघालो.

खोलीत बाई नव्हत्या. साहेबांनी फोनवर बोलावून घेतलं होतं म्हणे, "किती वेळ अजून" हे विचारायला. दार नुसतं ओढलेलं. टाकीत नळ्यांचा स्टँड. मी रागानं इकडेतिकडे पाहत उभा. बारा वर्षं ज्या नळ्यांच्या जिवावर ही बाई आमच्या मानगुटीवर बसली, त्या ह्या एवढ्याशा? मी एक उचलली. उजेडाकडे धरली. टिचकी मारली.

ही टिचकी कुठून आली ते सांगतो. इथे कुकरवर येण्याआधी मी सहा वर्षं दुसऱ्या कारखान्यात बाटल्या बघायला होतो. दिव्यासमोर बाटली धरायची, जराशी कलती करायची, नखानं टिचकी मारायची, आत कचरा तरंगतो का बघायचं. दिवसाला हजार बाटल्या. काचेची कुठलीही वस्तू उजेडात धरली की माझं बोट आपोआप उडतं, घरी पाण्याच्या ग्लासवरसुद्धा. बायको वैतागते. तसं उडालं. मग शेजारची दुसरी नळी. तिलाही टिचकी. दोन्ही परत ठेवल्या आणि बाहेर निघणार तोच बाई दारात.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहिलं. टाकीच्या कडेबाहेर, पांढऱ्या टेबलावर, पाण्याचा एक थेंब होता.

"हात लावलास?"

"मी? मला काय करायच्यात तुमच्या नळ्या?"

"खरं सांग. लावला असशील तर काही बोलणार नाही. पुन्हा लावीन तपासणी, एवढंच."

आता बघा, इतकं सोपं होतं. पण हातात तो लाल पेनाचा कागद होता. याच बाईपुढे मी मान खाली घालून म्हणू, हो, चुकलो? माझी जीभ वळली ती अशी: "आईशप्पथ नाही लावला. तुम्हाला काय, हवेवरसुद्धा संशय येतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर हॉर्न वाजला. तासाची घंटा वाजली तेव्हा त्यांनी नळ्या एकेक करून उलट्या केल्या. मुद्दाम विष घातलेल्या नळ्या गोठल्या होत्या, म्हणजे औषध चांगलं होतं. शुद्ध पाण्याच्या ओघळल्या, म्हणजे भांडी स्वच्छ होती. आणि मालाच्या त्या दोन नळ्या ओघळल्या. बाईंनी सही केली. गाडी गेली.

नऊ दिवसांनी इस्पितळातून फोन. चार माणसांना बाटली लावल्यावर हुडहुडी भरली, चारही बाटल्या आमच्या त्याच मालातल्या.

साहेबांनी हात झटकले. "आपल्याकडे सगळं पास आहे. त्यांच्याच नळ्या-सुया घाणेरड्या असतील." बाई म्हणाल्या, त्या मालातल्या राखून ठेवलेल्या बाटल्या आहेत, मी पुन्हा तपासते. साहेब म्हणाले, नाही. आणि इथे नियम त्यांच्या बाजूनं होता. नापास झालं की पुन्हा, पास झालं तरी पुन्हा, असं मनासारखं उत्तर येईपर्यंत तपासत बसता येत नाही. पहिली तपासणी बिघडली होती असं काहीतरी कारण लेखी हवं. कारण नसेल तर पास ते पास.

बाईंनी सगळ्यांना बोलावलं. भरणारे, पाणी बघणारा, पॅकिंगवाल्या, मी. "त्या दिवशी टेबलावर थेंब होता," त्या म्हणाल्या. "कोणी नळी हलवली असेल तर आत्ता सांगा. राहिलेल्या बाटल्या अजून वॉर्डात आहेत. लावतायत लोकांना."

कोणी बोललं नाही. मी छताकडे पाहिलं. मग जे सुरू झालं ते विचारू नका. पाणीवाला मला म्हणाला, शिपायानंच केलं असेल, सगळीकडे नाक खुपसतो. शिपाई पॅकिंगवाल्यांना म्हणाला, पाणीवाल्याला विचारा, माल भरायच्या आधी सुट्टीचे दोन दिवस पंप बंद होता, पाइपात पाणी साचलं होतं, त्यानं ते पूर्ण सोडलं का? पॅकिंगवाल्या म्हणाल्या, बाईच आता दुसऱ्यावर ढकलतायत. जो तो दुसऱ्याचं तोंड बघत चहा पीत होता. मी सगळ्यात जास्त बोललो. चोराला जास्त बोलावंसं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. आणि मला सतत वाटायचं, बाईंना माहीत आहे. कॉरिडॉरमध्ये त्या दिसल्या की मी वळून दुसरीकडे जायचो.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. पाचवी पेशंट. शाळेत शिकवणारी एक बाई, साध्या ऑपरेशनला आलेली. बाटली लावल्यावर तिचा दाब एवढा खाली गेला की अतिदक्षता विभागात हलवली.

मी ठरवलं, दुपारी जेवणाच्या सुट्टीत साहेबांकडे जायचं आणि सांगून टाकायचं. आता या "दुपारी"ला काय म्हणायचं? सकाळी का नाही? भ्यालो होतो, झालं.

दुपारच्या आधीच साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "बाईंनी लिहून दिलंय," ते म्हणाले आणि कागद वाचला. "तपासणी चालू असताना मालाच्या दोन नळ्या माझ्याकडून हलल्या. ही गोष्ट मी नोंदवली नाही. तपासणी रद्द धरावी." खाली सही.

बाईंनी कागद देऊन लगेच राखीव बाटल्या तपासायला घेतल्या होत्या. तास भरला. या वेळी त्यांनी साहेबांना शेजारी उभं केलं होतं. नळ्या उलट्या केल्या. काही ओघळलं नाही. घट्ट, डोळ्यांसमोर, तळाला चिकटलेलं. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणतात. लगेच फोन फिरले, गाड्या पाठवल्या, सगळ्या वॉर्डांतून बाटल्या परत आणल्या. शिपायाचं पाइपाचं बोलणं खरं निघालं, साचलेल्या पाण्यात जंतू माजले होते. मी ते मारले आणि त्यांच्या साली बाटलीत तशाच राहिल्या. संध्याकाळच्या आत बाईंना घरी बसवलं. तेवीस वर्षांची नोकरी.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं ती धीर देईल. ती म्हणाली, "तू माझ्यासमोर जेवू नकोस आज." आणि खरंच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं. काय केलं, कधी, कुठल्या बोटानं, सगळं. साहेबांनी वाचलं आणि टेबलाच्या खणात टाकलं. "एक कबुली आहे आपल्याकडे. ती पुरे. दोन झाल्या की लोक विचारतात, तिसरी कुठली? जा, कुकर लाव." मी म्हटलं, लावत नाही. त्या दिवसापासून मीही घरीच.

संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. दुसरा मजला, दारावर दोन कड्या आणि वर साखळी. साखळी न काढता त्यांनी फटीतून पाहिलं.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मीच आलो." मग जे पाठ करून आलो होतो ते भडाभडा बोललो. "बाई, मी हात लावला होता. मी खोटं बोललो. तुम्ही आयुष्यात कोणावर विश्वास ठेवला नाही, एकदाच माझ्यावर ठेवलात आणि मी तुमची अशी माती केली. आणि तुम्ही माझी चूक स्वतःच्या अंगावर..."

"थांब, थांब," बाई म्हणाल्या. "कोणी ठेवला विश्वास?"

"तुम्ही. मी नाही म्हणालो तेव्हा."

"तू तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. थेंब ओला, तू खोलीत, आणि तुला टिचकी मारायची सवय आहे हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

"मग सही का केलीत?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. आत कोणीतरी भांडी आवरत होतं.

"मुलगी दीड वर्षानं घरी येणार होती त्या दिवशी. पाचच्या गाडीनं. पुन्हा तपासणी लावायची म्हणजे नवीन नळ्या, नवीन औषध, पुन्हा तास. सहा वाजले असते. ती स्टेशनवर एकटी उभी राहिली असती. तू नाही म्हणालास आणि मला बरं वाटलं. कळतंय का? बरं वाटलं. मी म्हटलं, चला, हा नाही म्हणतोय ना. तेवीस वर्षं मी प्रत्येकाच्या 'नाही'वर संशय घेतला. माझ्या सोयीचं 'नाही' आलं आणि मी सही केली. नळी तू हलवलीस. बाटल्या मी सोडल्या. आणि पुढे दोन दिवस मी वाट बघत बसले, तू बोलशील म्हणून. तुझ्याकडे बोट दाखवलं असतं तर तू पुन्हा नाही म्हणाला असतास, मग चौकशी, मग आठवडा. म्हणून माझ्याच नावानं लिहिलं. पण ते पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. ती शाळेतली बाई माझ्या त्या दोन दिवसांतली आहे."

"माझ्याही," मी म्हणालो.

"तुझ्याही," त्या म्हणाल्या. तोंडदेखलं नाही-बिही काही म्हणाल्या नाहीत.

मी विचारलं, ती कशी आहे आता. बाई म्हणाल्या, आज सकाळी शुद्धीवर आली. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय, किती ते अजून कळत नाही. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला सांगितलंय, होतं असं कधीकधी.

"उद्या जाणार आहे मी," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायला, कसं झालं ते. कोणी केलं ते. येतोस?"

त्या नवऱ्याचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण ते डोळ्यांसमोर आलं. "येतो," मी म्हणालो.

बाईंनी फटीतून माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, बराच वेळ.

"दहा वाजता, इस्पितळाच्या मोठ्या दाराशी," त्या म्हणाल्या. "नाही आलास तर थांबणार नाही मी." आणि दार लावून घेतलं.

मी साडेनऊलाच जाऊन उभा राहिलो. बाई माझ्याआधी आलेल्या होत्या.